हिरव्या केसांचा उंदीर

परवा खोक्यातून उंदीर आला. घाबरायचं कारण नाही, लोकरीचा होता. लेकीनं गणपतीच्या आराशीसाठी फोनवरून मागवला होता. वीतभर उंचीचा, राखाडी, गुलाबी कानांचा, पुढच्या दोन पायांत मोदक धरलेला. खोक्यावर गोडाऊनचा पत्ता छापलेला होता आणि त्यात 'पूर्णा, भिवंडी' होतं, आमचं गाव. मी चष्मा लावला, उंदीर उलटा केला आणि अंगठ्यानं त्याचं बूड दाबून पाहिलं.

"आई, अगं काय करतेस?" लेक म्हणाली.

"आत काय भरलंय ते बघतेय."

"कापूस असेल. दुसरं काय असणार?"

नुसता कापूस नव्हता. बुडाशी प्लास्टिकचे मणी होते, बोटाला टणक लागत होते. विणलेला उंदीर बसता राहायचा असेल तर खाली जड काहीतरी घालावं लागतं, हे मला चौथीत असल्यापासून माहीत आहे. त्यात काय घालू नये हेही तेव्हापासूनच माहीत आहे. लेक तिच्या कामाला लागली आणि मी तो उंदीर मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

भाद्रपद म्हटला की लोकांना आरास आठवते, आरत्या आठवतात. मला आधी भिवंडीच्या नारपोलीतला ओला वास आठवतो. आमची चाळ लूमच्या कारखान्यांच्या मधोमध होती. श्रावण संपेपर्यंत भिंती इतकं पाणी प्यायच्या, की कॅलेंडर उचललं तर मागे काळी बुरशी. दोरीवरचे कपडे वाळायचे नाहीत, फक्त कमी ओले व्हायचे. त्यात लूमच्या तेलाचा आणि सुताला लावायच्या खळीचा वास मिसळायचा. आणि चोवीस तास ती खटाखट. पाहुणे कानात बोटं घालायचे, आम्हाला ती ऐकूच यायची नाही. लाइट गेली आणि लूम थांबले की मात्र आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो. शांततेला दचकणारी माणसं आम्ही. त्या वर्षी दचकायच्या इतक्या गोष्टी घडल्या, की लाइट जाणं त्यात कुठंच बसत नाही.

आमच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला ते वर्ष. पंच्याऐंशी असेल किंवा शहाऐंशी. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, लूमवर कामाला होते. काका मात्र गावातच, पूर्णेला, भातशेती करायचा. गाव ते चाळ हे अंतर चालत जाण्याइतकंच, त्यामुळे आमच्या कॉटखाली भाताचं पोतं, कोपऱ्यात कोयता आणि भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर, असा सगळा अर्धा-अर्धा संसार होता. त्या श्रावणात हिराआत्या आमच्याकडे आली. दादांची धाकटी बहीण. तिला दापोड्याला दिली होती, लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सणाला म्हणून चार दिवस आली आणि भाद्रपद लागला तरी तिला न्यायला कुणी आलं नाही. तिची सासू दुसरी मुलगी बघतेय, ही बातमी तिच्या आधी आमच्याकडे पोचली होती. घरात कुणी काही बोलायचं नाही. आई फक्त तिच्या ताटात दरवेळी थोडं जास्त वाढायची, आणि ते मला बोलण्यापेक्षाही वाईट वाटायचं.

आत्या स्वतः मात्र रडतबिडत नव्हती. तिला हाताला काम लागायचं. शेजारच्या झुबेदाचाची विणकामात पटाईत होत्या, त्यांच्याकडून तिनं आठवड्याभरात सुलट-उलट टाके उचलले. दादांची जुनी राखाडी कानटोपी होती, तळाशी कसरीनं खाल्लेली. आत्यानं ती उसवली, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळली आणि म्हणाली, "यंदा आपल्या गणपतीचा उंदीर मी करतंय."

चाचींनी तिला पाठीचा उतार शिकवला, कुठं टाके कमी करायचे, कान वेगळे विणून कसे जोडायचे. पण डोळ्यांशी आल्यावर त्यांनी सुया खाली ठेवल्या. "आँख तू लगा हिरा. आमच्यात चेहरा, सूरत बनवत न्हाईत." हे त्या इतकं सहज म्हणाल्या, की आत्याही सहज बरं म्हणाली. मग डोळ्यांसाठी काय घ्यावं याचा विचार करत ती थोडा वेळ बसली आणि एकदम गळ्यातलं मंगळसूत्र पुढं ओढून त्याचा दोरा दातानं तोडला. दोन काळे मणी काढले, उरलेल्यांना पुन्हा गाठ मारली आणि मंगळसूत्र परत गळ्यात घातलं.

आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. चाचींनी तोंडावर ओढणी घेतली.

"अगं बया! काय केलंस गं हे?"

"दोनच काढलं, वहिनी," आत्या म्हणाली. "एवढ्यानं कुनाचं काय बिघडनार हाय?"

उंदीर मात्र बसेना. कापूस भरला तरी पुढं लवंडायचा, मोदक खायला वाकल्यासारखा. आत्यानं मला हाताशी घेतलं. "सुमे, बाहेर त्या नव्या शेडचं काम चाललंय ना, तिथनं मूठभर रेती आन. धुऊन आन. ती त्याच्या बुडाशी भर नि शिवून टाक. शिवन तूच घाल, तुला जमतंय आता." मला कोण आनंद! पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी पहिल्यापासूनच आळशी. कॉटखाली पोतं होतंच. पेरणीतलं उरलेलं बियाण्याचं भात होतं त्यात, काकानं ठेवायला दिलेलं. दोन मुठी घेतल्या, उंदराच्या बुडात कोंबल्या आणि मोठमोठ्या टाक्यांनी शिवून टाकलं. शेवटी दादांच्याकडून शिकलेली लूमवरची गाठ मारली, ती सुटत नाही. एकावर एक अशा दहा मारल्या. आत्यानं उंदीर हातात घेतला, वजन बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसतोय की नीट."

कानटोपीला दादांच्या खोबरेल तेलाचा वास होता, म्हणून आईनं तो शिवलेला उंदीर साबणाच्या पाण्यात घालून पिळला आणि दोरीवर टांगला. तो वाळला नाही, वाळणार कुठून? ओलाच नेऊन गणपतीपुढं बसवला. आणि दादांच्या डोक्यातून एक गोष्ट निघाली. मूर्ती मातीची, तिच्यावर पाणी घालता येत नाही, म्हणून आमच्याकडे सुपारीवर अभिषेक व्हायचा. दादा म्हणाले, यंदा वाहन घरचं आहे, हातानं केलेलं, सुपारी कशाला? त्यांनी उंदराला ताम्हनात बसवलं आणि रोज सकाळी त्याच्यावर पळी-पळीनं पाणी. आरतीची निरांजनं बाजूला, त्याची ऊब. वर जास्वंद, दूर्वा. उंदराची चैन होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूर्वा निवडत होते. दूर्वांची एक काडी उंदराच्या पोटाशी अडकली आहे असं वाटून मी ती ओढली. ती येईना. जोर लावला तर उंदीरच हलला. मी वाकून बघितलं. टाक्या-टाक्यांतून हिरवी टोकं वर आली होती. एक नाही, दोन नाही. बुडापासून पाठीपर्यंत बारीक हिरवे केस फुटले होते आणि ते काळे मणी माझ्याकडे बघत होते.

मी किंचाळले. आई धावत आली आणि तीही किंचाळली. दादा दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन आले, बघितलं, आणि ओल्या जमिनीवर साष्टांग पडले. ते बघून मला दुसरा धक्का बसला. माझे वडील कधी कुणासमोर असे पडलेले मी पाहिले नव्हते. लूमच्या मालकासमोरही मान ताठ ठेवणारा माणूस, पाठीवर टॉवेल, गालावर फेस आणि जमिनीवर आडवा. माझ्या तोंडात आलेले शब्द तिथंच राहिले.

कारण मला कळलं होतं. किंचाळून होतं न होतं तोच कळलं होतं. भात होतं ते. मी घातलेलं.

दुपारपर्यंत चाळ लोटली. संध्याकाळपर्यंत बाजूच्या चाळी. शिफ्ट सुटली की लूमवरचे भय्ये लोक दारात चपला काढून रांगेत उभे. एकानं दोन्ही कान पकडून उठाबशा काढल्या, कशाबद्दल ते त्यालाच ठाऊक. बायका उंदराला हात लावून तो हात पोटाला लावू लागल्या. दोघातिघांनी पानं तोडून खाल्ली, तेव्हापासून आई चिमटा घेऊन ताम्हनाशी पहारा करू लागली.

पण मी खरी थक्क झाले ती काका आल्यावर. पूर्णेहून चिखलाच्या पायांनी तसाच आला. हा माणूस दर जूनमध्ये भात भिजत घालायचा, गोणपाटात बांधून ठेवायचा, ऊब धरून त्याला मोड आले की चिखलात फेकायचा. त्याला रहू म्हणतात. गावात शेंबड्या पोराला ठाऊक. गोणपाट उघडल्यावर असाच दिसतो, हिरवी-पांढरी टोकं सुतळीतून बाहेर आलेली. तो काका उंदरापाशी उकिडवा बसला. दोन बोटांनी पान चाचपलं, उजेडाकडे धरून बघितलं.

"पान रुंद हाय," तो म्हणाला. "जया असंल. लय झ्याक उगवलंय."

मला वाटलं, आता कळणार, आता हा हसणार. काकानं पान सोडलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले.

हे मला आजही समजत नाही. बियाण्याची जात ओळखली त्यानं! त्याच्याच पोत्यातलं बियाणं, त्याच्याच हातानं दरवर्षी केलेलं काम, फक्त गोणपाटाच्या जागी लोकर होती आणि लोकरीला दोन कान होते. तेवढ्या कानांनी त्या शहाण्या माणसाचं सगळं शहाणपण झाकून टाकलं. पुढं आयुष्यात मी भल्याभल्यांना असं हात जोडताना पाहिलं आणि प्रत्येक वेळी मला काकाची ती दोन बोटं आठवली.

मी का बोलले नाही? मार मिळेल म्हणून, हे झालं एक. दुसरं सांगायला लाज वाटते. मला मजा वाटत होती. 'हिनं शिवन घातली बरं का,' म्हणून बायका माझ्या गालावरून हात फिरवत होत्या. शाळेतल्या बाईंनीसुद्धा येऊन मला जवळ घेतलं, ज्या एरवी मला मागच्या बाकावर बसवायच्या. पहिल्या दिवशी मी गप्प राहिले ती भीतीनं. दुसऱ्या दिवशी गप्प राहिले ती चटक लागली म्हणून.

आत्या या सगळ्यात कुठं होती, हे मला नीटसं आठवत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. गर्दीत तिला पुढं ओढत होते, तिच्या पायाला हात लावत होते. दुसऱ्या दिवशी तेरड्याची गौर आली तेव्हा बायकांनी आत्याकडूनच ती आत आणवली. "हिराची कूस उजवनार," चाळीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली आणि सगळ्यांनी मान हलवली. आत्या खाली बघत होती. तिचा एक हात पदराखाली होता, एवढं मात्र आठवतं.

दापोड्याला बातमी पोचायला काय वेळ लागणार! गौरीच्या पूजेच्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. आत्याची सासू उतरली, मागून आत्याचा नवरा. त्यांना आम्ही बाळाराममामा म्हणायचो. म्हातारीनं हिरवी साडी, खण, नारळ असा ओटीचा सगळा थाट आणला होता. आत येऊन तिनं उंदरापुढं डोकं टेकलं आणि मग, माझा विश्वास बसेना, आत्यापुढं हात जोडले. "माजं चुकलं पोरी. देवानंच मला थोबाडलं. चल आता घरी. दुसरीचं नाव काडनार न्हाय मी." दादांचे डोळे भरून आले. बाळाराममामा दाराला टेकून उभे होते, हातातली टोपी फिरवत. ते कधीच काही बोलत नसत.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हा खेळ राहिला नाही. मी नऊ वर्षांची होते, मूल कसं होतं ते मला ठाऊक नव्हतं. पण भातामुळं होत नाही एवढं ठाऊक होतं. आत्या गेली आणि पुढच्या गणपतीपर्यंत बाळ झालं नाही तर? तेव्हा ही म्हातारी हात जोडणार नव्हती. देवाच्या नावानं लबाडी केली म्हणणार होती आणि ती आत्याच्या माथी मारणार होती. मी मोरीत गेले. आई तिथं पुरणाचं भांडं धूत होती.

"आई, उंदरात भात हाय. रेती न्हाय. मी घातलं."

आईनं ओल्या, खरकट्या हातानं माझं तोंड गच्च दाबलं. तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता आणि त्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

"मला ठावं हाय," ती कुजबुजली. "मीच धुतला ना त्याला? हाताला लागलं न्हाय काय मला? गप बस. तिचा संसार लागतोय मार्गी. एक शब्द काडशील तर बघ."

इतक्या वर्षांनी लिहिताना अजून तोंडावर तो हात जाणवतो, पुरणाचा आणि राखेचा वास असलेला. मी खोटं बोलले तर मला चटके देणारी माझी आई! हिरवं टोक बघून तीही किंचाळली होती. ते किंचाळणं खरं होतं की नाटक, हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही. तिला आत्याचं भलंच करायचं होतं. घरात एक माणूस कमी व्हावं असंही तिला वाटत असेल. दोन्ही खरं असू शकतं, हे कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आत्याला पाटावर बसवलं होतं. म्हातारी ओटी भरायला पुढं झाली. आत्यानं पदर पसरला नाही. ती उठली, ताम्हनातला उंदीर उचलला आणि परत पाटावर येऊन बसली. सगळ्यांना वाटलं, तोच ओटीत घेतेय. कुणीतरी वा म्हणालं.

आत्यानं उंदीर उलटा केला आणि माझ्या दहा गाठी दातांनी तोडल्या.

दादा ओरडले. काका म्हणाला, "अगं, देवाचं हाय ते!" आत्यानं वर बघितलं नाही. शिवण उसवून तिनं लोकरीचं टोक शोधलं आणि ओढायला सुरुवात केली. ओळीमागून ओळ सुटायला लागली. मुळं लोकरीत घुसली होती, तटतट तुटत होती, तरी ती ओढत राहिली. कुणी पुढं होऊन तिचा हात धरला नाही. चाळीसभर माणसं त्या खोलीत आणि दारात होती आणि ऐकू येत होती फक्त लूमची खटाखट, जी आम्हाला एरवी ऐकू येत नाही. शेवटी सगळी राखाडी लोकर तिच्या पायाशी पडली आणि मांडीवर उरला पांढऱ्या मुळांचा गच्च गोळा. लोकर गेली तरी त्याचा आकार बसलेल्या उंदराचाच होता.

"ह्यो रहू हाय," आत्या म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दर जूनात गोनपाटात घालताव तोच. भात ओलं झालं, उगवलं. यात देव न्हाय नि मी बी न्हाय."

म्हातारीनं नारळ छातीशी धरला. "मंग पयलंच सांगायचं न्हाय का गं? सगल्या गावात..."

आत्यानं तिला पुढं बोलू दिलं नाही. ती दाराकडे, बाळाराममामांकडे बघत होती.

"शेतात उगवलं न्हाय तर तुमी आदी काय बघताव? बी बघताव ना? मुठीत घेऊन, पान्यात टाकून? कल्यानच्या डाक्टरनीनं माजं सगलं तपासलं. मंग तुमाला बोलावलं. तीन येला बोलावलं. तुमी गेलाव न्हाय."

असं बोलणं आमच्या घरात, पुरुषांसमोर, नवऱ्याला तोंडावर, गौरीच्या दिवशी! कुणाला कुठं बघावं कळेना. चाचींनी माझ्या कानांवर हात ठेवले, पण उशीर झाला होता. बाळाराममामांची टोपी फिरायची थांबली. आत्यानं लोकरीच्या ढिगातून चाचपत दोन काळे मणी शोधले, उठून त्यांच्यापाशी गेली आणि ते त्यांच्या तळहातावर ठेवले.

"येवढं तुमचं माज्याकडं ऱ्हायलं व्हतं."

रिक्षा गेली. दादा आत्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. त्या वर्षी आमच्या गणपतीचं विसर्जन उंदराविना झालं आणि चाळीत आमच्या घराबद्दल काय काय बोललं गेलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी पानं खाल्ली होती ती माणसं सगळ्यात जास्त चिडली होती. आत्यानं तो मुळांचा गोळा लूमच्या शेडमागं, जिथं गटाराचं पाणी साचायचं, तिथं चिखलात लावला. संक्रांतीच्या सुमारास त्याला चार-पाच लोंब्या आल्या, त्या चिमण्यांनी खाल्ल्या.

बाळाराममामांनी पुढं दुसरं लग्न केलं. त्यांना मूल झालं नाही. हे मी आनंदानं लिहीत नाहीये, असं लिहायला हवं, पण खोटं कशाला बोलू? बरीच वर्षं मला त्याचा आनंद होता. मग एकदा बाजारात ती दुसरी दिसली. खाली मान घालून भाजी निवडत होती, आत्या घरी आली तेव्हा होती तेवढ्याच वयाची. तिलाही ते सगळं ऐकावं लागत असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी भाजी न घेताच परतले.

आत्या चाळीतच राहिली. लूमसाठी कांड्या भरायची, म्हणजे लूममधून आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या त्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. उरलेल्या वेळात विणायची. स्वेटर, टोप्या, ससे, पोपट, हत्ती. नारपोलीत तिच्या हातचं काही नाही असं पोर सापडायचं नाही. तिनं उंदीर मात्र कधी केला नाही. आणि त्या दिवसाबद्दल आम्ही दोघींनी एक अक्षर काढलं नाही. तिचा संसार माझ्या दोन मुठी भातामुळं मोडला, अशी माझी पक्की समजूत होती. रेती आणली असती तर उंदीर नुसता उंदीर राहिला असता, तिचे सासरचे कधीतरी निमूट येऊन तिला घेऊन गेले असते, असं मी मनाशी घोळवायचे. माझं लग्न झालं, नोकरी लागली, तरी ते सुटलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत मी बाळंतपणाला माहेरी होते. सातवा महिना. पूर्णेला तेव्हा शेतांतून पहिली मोठी गोडाऊनं उठायला लागली होती आणि काकानं त्या वर्षी निम्म्या जमिनीत पेरलंच नव्हतं. एका दुपारी आत्यानं पेटीतून राखाडी लोकर काढली. मी ओळखली. ठिकठिकाणी तुटलेली, गाठी मारून जोडलेली. सुया घेऊन ती माझ्याशेजारी बसली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या हातात पाठीचा उतार तयार झाला.

"पोराला खेलायला," ती म्हणाली.

तीन दिवसांनी उंदीर भरायला आला. मी न सांगता जड अंगानं उठले. "थांब, रेती आणते. धुऊन आणते."

"रेती नको. भात आन."

तेरा वर्षांचं सगळं माझ्या तोंडाला आलं. रडत, अडखळत मी तिला सांगितलं, की आत्या, ते मी घातलं होतं, मी आळस केला, तुझं सगळं माझ्यामुळं झालं. ती कान विणत राहिली. टाके मोजायचे असावेत, ओळ पुरी केली आणि मगच सुई खाली ठेवली.

"येडी हायस का? तू शिवत व्हतीस तवाच ठावं व्हतं मला. तुज्या बोटांना तूस लागलेलं, खाजवत बसलीवतीस. हातात घेतला तवा वजन बी कललं. रेती जड असतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"भातानं बी बसत व्हता ना तो? मंग काय बोलायचं!"

"तेव्हा नाही गं. मोड आले तेव्हा. सगळे पाया पडत होते तेव्हा."

बाहेर लूम चालू होते. आत्यानं आपला हात पुढं केला आणि माझ्या सात महिन्यांच्या पोटावर ठेवला. तसाच, पदराखालून, जसा त्या गौरीला तिनं स्वतःच्या पोटावर ठेवला होता, आणि तेव्हा कुठं मला त्या हाताचा अर्थ कळला.

"सगलं ठावं असून बी," ती म्हणाली, "दोन दीस मला वाटलं गं, की असंल."